‘स्टेजिंग कोणाकडे आहे?’ – टीमच्या सामायिक साधनांसाठी चॅट बॉट

सॉफ्टवेअरवाल्या कुठल्याही टीमचं चॅट उघडा आणि ‘स्टेजिंग’ हा शब्द शोधा. ‘स्टेजिंग कोणी वापरतंय का?’, ‘पाच मिनिटांत डिप्लॉय करतोय, चालेल ना?’, ‘माझं टेस्टिंग चालू असताना ब्रँच कोणी बदलली?’, ‘झालं का तुझं?’ अशा ओळी ढिगाने सापडतील. नवा कोड ग्राहकांपर्यंत जाण्याआधी ज्या सर्व्हरवर तपासला जातो, ते हे स्टेजिंग. बहुतेक टीमकडे ते एकच असतं, फार तर दोन, आणि वापरणारी माणसं आठ-दहा. त्याच्या जोडीला लोड टेस्टचं मशीन, जीपीयू असलेलं मशीन, मोजकीच लायसन्स घेतलेलं एखादं महागडं सॉफ्टवेअर आणि टेस्टिंगचे फोन असतात. सगळ्यांची गत तीच. वस्तू सगळ्यांची, पण एका वेळी एकालाच वापरता येते.

चार जणांची टीम एकाच टेबलाभोवती बसत असेल तर मान वर करून विचारणं याहून चांगली व्यवस्था नाही, आणि अशा टीमने हा लेख इथेच सोडला तरी चालेल. अडचण सुरू होते ती दोघं घरून, तिघं हिंजवडीतून आणि दोघं न्यू जर्सीतून काम करायला लागले की. विचारणारा विचारतो, ज्याच्याकडे सर्व्हर आहे तो जेवायला गेलेला असतो, आणि तिसराच कोणीतरी ‘मोकळं असेल बहुतेक’ असं सांगून टाकतो. मग पुढचा अर्धा तास कोणाच्या डिप्लॉयने कोणाचं टेस्टिंग बिघडलं हे शोधण्यात जातो.

यावर उपाय म्हणून चॅटमध्येच एक छोटा बॉट ठेवतात. ‘स्टेजिंग दोन तासांसाठी घेतलं’ असं त्याला सांगायचं. तो नोंद करतो, बाकीच्यांना कळवतो, कोणी विचारलं तर सांगतो आणि मुदत संपली की मोकळं करतो. कल्पना नवी नाही. गिटहबमध्ये सर्व्हरची कामं चॅटमधूनच करण्याची पद्धत होती. त्यासाठी लिहिलेला ‘ह्युबॉट’ त्यांनी २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि या पद्धतीला ‘चॅटऑप्स’ हे नावही पडलं. आज स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गुगल चॅट, मॅटरमोस्ट यांपैकी कशावरही असा बॉट चालवता येतो. तयार मिळतात, आणि हौशी डेव्हलपर दोन-तीन दिवसांत स्वतःही लिहितो. लिहायला सोपा म्हणूनच तो बऱ्याचदा अर्धवट विचाराने लिहिला जातो. पहिला आठवडा कौतुकात जातो, महिन्याभरात लोक पुन्हा ‘कोणी वापरतंय का?’वर येतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, एवढ्यापुरता हा लेख.

घेणं सोपं, सोडणं अवघड

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस निदान दोन मिनिटांत आत येऊन बसतो. बॉटवर नाव टाकणाऱ्याचं तसं नसतं. तो सकाळी अकराला स्टेजिंग घेतो, अर्ध्या तासात त्याला बग सापडतो, तो दुरुस्त करायला आपल्या लॅपटॉपवर परततो, मग एक मीटिंग, मग जेवण, मग दुसरंच काही. सोडायचं राहूनच जातं. दुपारी चार वाजता बॉट त्याचंच नाव सांगत असतो आणि सर्व्हरवर सकाळपासून कोणी फिरकलेलं नसतं. असं दोनदा झालं की टीम बॉटच्या उत्तरावर विसंबायचं सोडते. मग त्याला विचारून पुन्हा माणसालाही विचारायचं, असं दुप्पट काम होतं आणि बॉट मागे पडतो.

म्हणून मुदतीशिवाय आरक्षण द्यायचंच नाही. ‘होईपर्यंत’ हा पर्याय बॉटमध्ये असूच नये. संगणकशास्त्रात हा विचार जुना आहे. कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये तो ‘लीज’ या नावाने मांडला. हक्क ठरावीक वेळेपुरताच द्यायचा, म्हणजे तो घेणारा गायब झाला तरी वेळ संपल्यावर हक्क आपोआप परत येतो. त्यांच्यापुढचा प्रश्न नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या फायलींचा होता, पण जेवायला गेलेल्या टेस्टरला तो जसाच्या तसा लागू पडतो.

मुदत किती? कोणी काहीच सांगितलं नाही तर दोन तास धरावेत, असं माझं मत आहे. एक तास ठेवला तर दर तासाला आठवण येऊन लोक वैतागतात, आणि अख्खा दिवस ठेवला तर मुदत असून नसल्यासारखी. कमाल मर्यादा कामाचा दिवस संपेपर्यंतची. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज मीटिंग रूमची एक नोंद मुळात २४ तासांपेक्षा लांब होऊ देत नाही आणि १८० दिवसांपलीकडची नोंद घेत नाही. या मर्यादा बदलता येतात, पण सर्व्हरसाठी इतकं सैल राहायचं कारणच नाही. रात्रभर चालणारी लोड टेस्ट हा खरा अपवाद. तिच्यासाठी वेगळी परवानगी ठेवा आणि ती चॅनेलमध्ये आदल्या दिवशी जाहीर होऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळचं आरक्षण सोमवारपर्यंत लांबू देऊ नका. सोमवारी सकाळी दहाला सगळ्यांनाच सर्व्हर हवा असतो आणि ज्याचं नाव लागलेलं असतं तो नेमका रजेवर असतो.

मुदत संपायच्या पंधरा मिनिटं आधी बॉटने आरक्षणवाल्याला एकट्याला निरोप पाठवावा, खाली दोन बटणं: ‘आणखी एक तास’ आणि ‘सोडतो’. दोन्हींपैकी काहीच दाबलं नाही तर वेळ झाल्यावर वस्तू मोकळी. बरेच जण इथेच कच खातात. ‘अहो, त्याचं काम चालू असलं आणि सुटलं तर?’ सुटू द्या. रांगेत कोणी नसेल तर पुन्हा घ्यायला एक ओळ टाइप करावी लागते, आणि रांगेत कोणी असेल तर त्यालाही काम आहेच. उलट गप्प बसण्याचा अर्थ ‘चालू आहे’ असा धरणारा बॉट काही दिवसांत अडगळीत जातो.

मुदतवाढीलाही धरबंध हवा. मागे कोणी थांबलेलं नसेल तर हवं तेवढ्या वेळा वाढवा. कोणी थांबलेलं असेल तर एकदाच, आणि तीही थांबलेल्याला कळवून.

चार आज्ञा पुरे

बॉटला वीस गोष्टी करता येतात म्हणून त्याला वीस आज्ञा शिकवू नका. लोकांच्या लक्षात चार राहतात: घे, सोड, कोणाकडे, रांग. तुमच्याकडे त्या बहुधा इंग्रजीत असतील. इथे वाचायला सोयीच्या म्हणून मराठीत लिहितो. टेस्टर टाइप करते:

/घे स्टेजिंग-१ २तास परताव्याचा बग, ब्रँच रिफंड-फिक्स

आणि चॅनेलमध्ये तिच्या नावासकट सगळ्यांना दिसतं:

स्टेजिंग-१ घेतलं. ४:४५ पर्यंत. परताव्याचा बग, ब्रँच रिफंड-फिक्स. डेटाबेस: कालचाच. रांगेत कोणी नाही.

या ओळीत सर्वांत मोलाचं काय असेल तर ते कारण. ते सक्तीचं करा, चार शब्दांचं का होईना. ‘बटणाचा रंग’ असं दिसलं तर मागचा माणूस दहा मिनिटं थांबतो. ‘डेटाबेस मायग्रेशन’ दिसलं तर तो मधे डोकावायचाही नाही, कारण टेबलांची रचना अर्धवट बदललेली असताना वर दुसरा कोड चढवला तर निस्तरायला दिवस जातो. ‘बिझी’ एवढंच दिसलं तर मात्र पुन्हा विचारायला जावं लागतं, आणि मग बॉट कशाला?

ब्रँचचं नाव आणि डेटाबेसची अवस्था या दोन गोष्टी सोडतानाही लिहून घ्याव्यात. सर्व्हर मोकळा झाला म्हणजे तो वापरण्याजोगा झाला असं नाही. आधीच्याने पेमेंट गेटवेची सेटिंग बदलून तशीच ठेवली असेल, पन्नास हजार खोट्या ऑर्डरी भरून ठेवल्या असतील. ‘/सोड’ म्हटल्यावर बॉटने एकच प्रश्न विचारावा: ‘मूळ ब्रँचवर परत आणलं का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी हरकत नाही. पुढच्याला ते आधी दिसलं की झालं.

काय सगळ्यांना दिसावं आणि काय एकालाच, यातही गफलत होते. स्लॅकमध्ये तिरकी रेघ देऊन लिहिलेल्या आज्ञेचं उत्तर मुळात विचारणाऱ्यालाच दिसतं. सगळ्यांना दिसावं असं बॉट लिहिणाऱ्याने मुद्दाम सांगावं लागतं. हे राहून गेलं की टेस्टरला वाटतं आपण स्टेजिंग घेतल्याचं सर्वांना कळलं, आणि इतरांच्या पडद्यावर काहीच उमटलेलं नसतं. घेणं, सोडणं, मुदत वाढवणं हे उघड असू द्या. ‘कोणाकडे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र विचारणाऱ्यापुरतंच बरं. दिवसात तीसदा तेच उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आदळलं तर लोक चॅनेल म्यूट करतात. आणि हे सगळं टीमच्या मुख्य चॅनेलमध्ये नको, वेगळ्या चॅनेलमध्ये हवं. तिरक्या रेघेच्या आज्ञा स्लॅकच्या थ्रेडमध्ये चालत नाहीत, हेही नव्या माणसाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो तिथेच आज्ञा देत बसेल आणि बॉटला नावं ठेवेल.

नावांबद्दल एक बारीक तक्रार. ‘नवीन-स्टेजिंग’, ‘टेस्ट-जुना’, ‘टेस्ट-फायनल-२’ असली नावं बॉटमध्ये घालू नका. नवीन कधीतरी जुनं होतंच. ‘स्टेजिंग-१’, ‘स्टेजिंग-२’, ‘लोड-१’ अशी कोरडी नावं चांगली, आणि लोक बोलताना वापरतात ती टोपणनावंही बॉटला ओळखता यावीत.

बॉटच्या हातात कुलूप नसतं

बॉट फक्त नोंद ठेवतो, हे बरेच जण विसरतात. स्टेजिंग कोणाच्या नावावर आहे हे न बघता एखाद्याने सरळ डिप्लॉय केलं तर बॉट काही करू शकत नाही. तो चिडचिडा संदेशही टाकत नाही, कारण त्याला कळलेलंच नसतं.

डिप्लॉयची साधनं इथे अर्धी मदत करतात. जेन्किन्समध्ये ‘लॉकेबल रिसोर्सेस’ हे प्लगिन आहे, गिटलॅबमध्ये ‘रिसोर्स ग्रुप’, गिटहब ॲक्शन्समध्ये ‘कन्करन्सी’. एकाच सर्व्हरवर दोन पाइपलाइन एकाच वेळी चढू नयेत एवढं ती बघतात. डिप्लॉय चार मिनिटांत संपतं, तसं ते कुलूपही उघडतं. त्यानंतर टेस्टर दोन तास तिथे एकेक पान तपासत बसली आहे, हे पाइपलाइनला कुठून ठाऊक असणार?

तेव्हा दोन्ही जोडून द्या. पाइपलाइनच्या सुरुवातीला एक पायरी घाला, जी बॉटला विचारेल की स्टेजिंग-१ आत्ता कोणाकडे आहे. डिप्लॉय करणाऱ्याकडेच असेल तर पुढे जाऊ दे. दुसऱ्याकडे असेल तर थांब आणि कोणाकडे आहे, किती वाजेपर्यंत आहे, ते दाखव. मोकळं असेल तर डिप्लॉय करणाऱ्याच्या नावावर आपोआप अर्ध्या तासासाठी नोंदवून टाक. हा शेवटचा तुकडा मला सर्वांत उपयोगी वाटतो. घाईत असलेला माणूस आज्ञा टाइप करायची विसरतो, पण डिप्लॉय करायचं विसरत नाही.

बॉट स्वतःच बंद असेल तर पाइपलाइनने काय करायचं, हेही आधी ठरवा. स्टेजिंगसाठी इशारा देऊन पुढे जाऊ द्यावं. एका छोट्या बॉटमुळे अख्ख्या टीमचं काम अडणं परवडत नाही. आणि प्रोडक्शन डिप्लॉयची पाळी लावायला हा बॉट वापरू नका; तिथे मंजुरी आणि कुलूप पाइपलाइनमध्येच असायला हवं.

रांग आणि हिसकावणं

रांग हवी, पण साधी. पुढच्याची पाळी आली की बॉट त्याला कळवतो आणि दहा मिनिटं थांबतो. त्याने ‘घेतो’ म्हटलं नाही तर पाळी त्याच्या मागच्याकडे. ही दहा मिनिटं नसली तर रांगेतला पहिला माणूस घरी गेला तरी सर्व्हर त्याच्या नावावर अडकून राहतो, म्हणजे पुन्हा तोच मूळ रोग. प्राधान्य, गुण, वरिष्ठांसाठी वेगळी रांग असली गुंतागुंत करण्यापेक्षा रांगेत कोण कशासाठी उभं आहे ते सगळ्यांना दिसू द्या. माणसं आपापसांत जमवून घेतात. ‘तुझं दहा मिनिटांचंच आहे ना, कर आधी’ हे माणूसच म्हणू शकतो. त्यासाठी बॉटमध्ये जागांची अदलाबदल करण्याची सोय ठेवली की पुरे.

वादाचा खरा मुद्दा असतो तो दुसऱ्याकडून काढून घेण्याचा. ग्राहकाकडे काहीतरी बंद पडलंय, दुरुस्ती आत्ता तपासायची आहे, आणि स्टेजिंग ज्याच्याकडे आहे तो फोन उचलत नाही. बहुतेक ठिकाणी हा अधिकार फक्त मॅनेजरला देतात. मला ते पटत नाही. अशी वेळ रात्री साडेअकरालाही येते, आणि तेव्हा मॅनेजर झोपलेला असतो. अधिकार सगळ्यांना द्या, पण त्यावर दोन अटी घाला: कारण लिहिल्याशिवाय बॉट काढून देणार नाही, आणि कोणी, कोणाकडून, कशासाठी काढून घेतलं हे चॅनेलमध्ये ठळक दिसेल. ज्याच्याकडून काढून घेतलं त्याला व्यक्तिगत निरोपही जाईल. सगळ्यांसमोर आपल्या नावाने कारण लिहावं लागतं म्हटल्यावर उगाच हिसकावणारे फारसे उरत नाहीत. जो तरीही दर आठवड्याला हिसकावतो त्याच्याशी बोलायचं काम टीम लीडचं आहे, बॉटचं नाही.

ओटीपीचा फोन

सर्व्हर निदान एका जागी असतो. फोनचं तसं नाही. भारतातल्या पैशांच्या व्यवहाराचं ॲप बनवणाऱ्या टीमकडे सिम घातलेला एक तरी टेस्टिंगचा फोन असतोच. यूपीआयची नोंदणी करताना ॲप त्या फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर आणि फोनची सांगड घालतं, त्यामुळे नंबर एका ठिकाणी आणि ॲप दुसऱ्या ठिकाणी असं चालत नाही. तोच फोन हातात लागतो. शिवाय त्याच नंबरवर चार टेस्ट खात्यांचे ओटीपी येतात. दोन टेस्टर एकाच वेळी लॉगिन करत असल्या तर ‘४८ वाला कोणाचा, ७१ वाला कोणाचा?’ असं सुरू होतं, चुकीचा कोड तीनदा पडतो आणि खातं काही काळ बंद होतं. मग दोघींचंही काम ठप्प.

अशा वस्तूंसाठी बॉटमध्ये दोन जास्तीच्या गोष्टी हव्यात. वस्तू आत्ता कुठे आहे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात की कोणाच्या ड्रॉवरमध्ये, हे ‘/सोड’ म्हणताना लिहून घ्यायचं. आणि फोनवर त्याचं बॉटमधलं नाव असलेलं स्टिकर चिकटवायचं. एकसारखे दोन फोन असले तर ‘तो काळा’ म्हणून भागत नाही. शेजारी एक क्यूआर कोड लावून तो स्कॅन केल्यावर आरक्षणाचं पान उघडेल असं केलं तर उत्तमच, पण स्टिकर आधी. टेस्ट खात्याचा पासवर्ड किंवा सिमचा पिन मात्र बॉटच्या उत्तरात कधीही येऊ देऊ नका. चॅटमधला मजकूर शोधता येतो, आणि कंपनी सोडून जाणाऱ्याच्या लॅपटॉपवर त्याचा स्क्रीनशॉटही असू शकतो. पासवर्ड पासवर्ड-मॅनेजरमध्येच राहू दे. बॉटने तिथे बघायला सांगावं.

फोनच्या बाबतीत आपोआप मोकळं करण्याचा नियमही थोडा बदला. वेळ संपली तरी फोन एखाद्याच्या बॅगेत असेल तर ‘मोकळा’ म्हणणं खोटं ठरतं. अशा वेळी बॉटने ‘परत यायचा आहे’ असं म्हणावं आणि शेवटचं नाव दाखवत राहावं.

बॉट लिहिणाऱ्यासाठी

हा भाग ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय त्याच्यासाठी. बाकीच्यांनी सरळ पुढे जावं.

दोघांनी एकाच क्षणी ‘/घे’ म्हटलं तर काय? ‘आधी बघायचं मोकळं आहे का, मग नाव लिहायचं’ असा कोड असेल तर दोघांनाही मोकळं दिसतं आणि दोघांचीही नावं लागतात. बघणं आणि लिहिणं एकाच दमात व्हायला हवं. रेडिस वापरत असाल तर ‘नसेल तरच लिही’ हा पर्याय आणि मुदत एकाच आज्ञेत देता येते. साधा डेटाबेस असेल तर चालू आरक्षणावर वस्तूच्या नावाचं युनिक बंधन घाला. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. सोडतानाही आधी नाव जुळतंय का ते तपासा, नाहीतर मुदत संपलेल्या माणसाची उशिरा आलेली ‘/सोड’ पुढच्याचं आरक्षण उडवते.

आरक्षणं बॉटच्या मेमरीत ठेवू नका. बॉट रीस्टार्ट झाला की सगळे सर्व्हर अचानक ‘मोकळे’ दिसतात. एसक्यूलाइटची एक फाइल पुरते. मुदत मोजायलाही टायमरवर विसंबू नका. संपण्याची वेळ लिहून ठेवा, आणि कोणी विचारलं की त्या वेळेशी ताडून बघा. टायमर फक्त आठवणीच्या निरोपापुरता.

स्लॅक आज्ञेचं उत्तर तीन सेकंदांत मागतं. नाहीतर वापरणाऱ्याला चूक दाखवतं. लांबणारं काम असेल तर ‘बघतो’ एवढं लगेच म्हणा आणि खरं उत्तर नंतर पाठवा. त्यासाठी मिळणारा पत्ता अर्धा तास आणि जास्तीत जास्त पाच वेळा चालतो. आलेली विनंती खरोखर स्लॅककडूनच आहे ना, हे तिच्यावरच्या सहीवरून तपासा आणि पाच मिनिटांपेक्षा जुनी विनंती नाकारा. माणूस ओळखताना दिसणारं नाव नको, आयडी धरा. नाव लोक बदलतात, आणि एकाच नावाचे दोघे तर मराठी टीममध्ये हमखास असतात.

वेळ कोणाची?

‘पाचपर्यंत’ म्हणजे पुण्यातले पाच की न्यू जर्सीतले? बॉटने आत वेळ यूटीसीत ठेवावी आणि दाखवताना बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवावी. स्लॅकमध्ये तशी सोय तयारच आहे. भारताचं घड्याळ वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतं. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ‘रोज न्यू जर्सीच्या सकाळी नऊला स्टेजिंग त्यांच्याकडे’ असं नेहमीचं आरक्षण असेल तर ते पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येतं. फरक साडेदहा तासांचा किंवा साडेनऊ तासांचा असा पक्का आकडा कोडमध्ये लिहून ठेवला की वर्षातून दोनदा भांडण ठरलेलं.

शक्यतो मुदत ‘किती तास’ अशीच मागा. ‘किती वाजेपर्यंत’ हा दुसरा पर्याय राहू दे.

नोंदींचं काय करायचं

काही महिन्यांनी बॉटकडे चांगली माहिती जमते. कोणत्या सर्व्हरसाठी किती थांबावं लागतं, रांग कोणत्या वारी लांबते, कोणता फोन महिनाभर कोणी हातातही घेतला नाही. दुसरं स्टेजिंग मागायला जाताना ‘फार त्रास होतो’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात रांगेत एकूण इतके तास गेले’ हे वाक्य जड पडतं. या नोंदी बॉटच्या डेटाबेसमध्ये ठेवा, चॅटमधल्या संदेशांच्या भरवशावर राहू नका. स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत.

त्याच नोंदींतून कोण किती वेळ काम करतं याचा हिशेब काढायचा मोह वरच्यांना होतो. त्याला ठाम नाही म्हणा. तसा तक्ता एकदा जरी मीटिंगमध्ये दिसला तरी लोक काम नसताना सर्व्हर नावावर ठेवतील किंवा काम असताना बॉटला कळवणार नाहीत. दोन्हींत नोंदी खोट्या होतात. अहवालात वस्तूंची नावं असावीत, माणसांची नकोत.

मीटिंग रूम या बॉटवर आणू नका. त्या कॅलेंडरमध्येच बऱ्या, कारण तिथे माणसांच्या वेळाही दिसतात. भरपूर असलेल्या वस्तूही आणू नका. दहा लायसन्स आणि सहा माणसं असतील तर आरक्षण कसलं करायचं?

सुरुवात एकाच वस्तूपासून करा, ज्यावरून सर्वांत जास्त कटकट होते तिच्यापासून. पहिले दोन आठवडे टीम लीडनेही बॉटला सांगितल्याशिवाय स्टेजिंगला हात लावायचा नाही. तो सुटला की सगळेच सुटतात. बॉट कोण सांभाळणार त्याचं आणि तो रजेवर असताना कोण बघणार त्याचं नाव चॅनेलच्या वर्णनात लिहा. त्याखाली आणखी एक ओळ लिहून ठेवा: ‘बॉट बंद असेल तर इथेच लिहून घ्या आणि इथेच लिहून सोडा.’